दोघींत एक कॉट

टँकरकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भर दुपारी माझ्या मुलीच्या कॉटवर घोरत पडल्या होत्या आणि माझी मुलगी खाली फरशीवर बसून जेवत होती. मी घरूनच वैतागून निघाले होते, त्यात ही भर.

पदवी घेतलेल्या मुलीनं ट्रक चालवायचं ठरवल्यावर आमच्या घरी जे व्हायचं ते होऊन गेलंय, ते आता उकरत नाही. मालवाहतुकीच्या एका कंपनीची स्वतःची शाळा आहे. तिथे राहायचं, शिकायचं आणि पास झालं की नोकरी. फोनवर लेक रोज "छान चाललंय" म्हणायची. तिचं "छान" मला पाळण्यापासून माहीत आहे, म्हणून न कळवता जाऊन धडकले.

"आई, हळू बोल. काकूंचा आत्ता कुठे डोळा लागलाय."

"आणि तुझा?"

"माझा नंबर रात्री."

मग कळलं ते असं. अख्ख्या बॅचमध्ये बायका दोन आणि त्यांच्या खोलीत कॉट एक. एकीनं कॉटवर झोपायचं, दुसरीनं फरशीवर, तीही न्हाणीघराचं पाणी उंबऱ्याखालून आत येणाऱ्या फरशीवर. मी तडक व्यवस्थापकांकडे गेले. माणूस अगदी सभ्य, तेच जास्त डोक्यात गेलं.

"मॅडम, दर बॅचला निम्मे लोक सोडून जातात. म्हणून कॉट आम्ही निम्म्याच ठेवतो. बायका दोन आल्यात, एक जाईलच."

"पण जातात कशानं?"

"झोप होत नाही म्हणतात."

मी कपाळावर हात मारला. "अहो, झोपायला कॉट नाही म्हणून झोप होत नाही!"

"पण कॉट आणल्या आणि लोक गेले, तर कॉट रिकाम्या पडतील ना?"

या माणसाशी बोलायचं म्हणजे भिंतीला समजावण्यासारखं होतं. पुरुषांच्या खोल्यांतून निम्मे खरोखरच गेले होते, उरलेल्यांना ऐसपैस जागा झाली होती, आणि साहेबांचा अंदाज बरोबर ठरला होता. आता फक्त या दोघींपैकी कोण जातं, एवढंच राहिलं होतं. शिकवणारे सर तर मैदानावर उघड विचारायचे, "काय, टँकर जाणार की पोरगी?"

खरं सांगते, मला पोरगीच जायला हवी होती. घरी, माझ्याबरोबर, त्याच दिवशी.

खोलीत परतले तर काकू उठून केस बांधत होत्या. "ताई, लेकीला न्यायला आलात? न्या बाई. मला कॉट होईल."

"तुम्हीच का जात नाही?" माझा तोल सुटला.

"जाऊ कुठे? घरीपण एकच कॉट आहे. त्यावर नवरा पाठ धरून पडलाय."

त्या हसल्या, मला हसू येईना. नवऱ्याची पाठ गेल्यापासून पाण्याचा टँकर त्याच चालवत होत्या. गल्लीबोळांतून, रिक्षावाल्यांशी भांडत. शेवटी पाठीच्या ऑपरेशनसाठी टँकरच विकावा लागला. म्हणजे इथे नापास झाल्या तर परत जायला गाडीही नाही. आणि अडलं होतं ते ट्रेलर मागे घेण्यात. ट्रेलर डावीकडे जायला हवा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. टँकरवर मुरलेले त्यांचे हात ऐकत नव्हते. त्यात झोप नाही, म्हणून माझी लेक स्वतःचा रात्रीचा नंबरसुद्धा त्यांनाच देत होती. दोन दिवसांवर परीक्षा.

"तू नापास झालीस म्हणजे?" मी तिला बाहेर घेऊन विचारलं.

"मग तुला बरंच वाटेल ना?"

रागारागात घरी आले, माळ्यावरची घडीची कॉट काढली, झाडली आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये घातली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, सीट पसंत नाही का आमची?" मुलीला परत आणायला निघालेली बाई मी, तिला तिथे टिकवायला कॉट वाहून नेत होते. माझ्याइतकी मूर्ख मीच.

व्यवस्थापक दारात आडवे आले. "बाहेरची कॉट चालत नाही."

मी ती खोलीत उघडली आणि वर बसले. "मग मला धरून कॉटसकट बाहेर ठेवा."

ते आल्या पावली निघून गेले. परत येऊन कॉट उचलतील म्हणून मी तिथेच थांबले. त्याचा परिणाम असा, की रात्री दोन कॉटवर त्या दोघी आणि फरशीवर मी. काकूंच्या घोरण्यानं खिडकीची काच थरथरत होती. माझी मुलगी मात्र गाढ झोपली होती.

सकाळी मैदानाच्या कडेला उभी राहिले तर डोळे नुसते चुरचुरत होते. मुलगी सहज पास झाली. काकूंचा ट्रेलर पहिल्यांदा वाकडा गेला. सरांनी बोट वर केलं, एकच संधी उरली. काकूंनी गाडी पुढे घेतली, थांबल्या, हात मांड्यांवर पुसले आणि ट्रेलर हळूहळू दोन नारिंगी शंकूंच्या मधे आणून लावला. एकही शंकू हलला नाही. खिडकीतून डोकं काढून ओरडल्या, "ताई, माझी झोप झाली हो!"

"माझी नाही झाली!" मीही ओरडले.

आता दोघींना कंपनीनं एकाच ट्रकवर जोडी म्हणून घातलंय. लांबचा पल्ला, एक चालवते तेव्हा दुसरी झोपते. पण ट्रक उभा राहिला की दोघींना झोपायला केबिनमध्ये मागे फळी किती? एक. कंपनीचं डोकं काही सरळ चालायचं नाही.

आत्ता लेकीचा फोन येऊन गेला. आधी विचारलं, "ट्रक उभा आहे ना?"

"उभा आहे गं आई. थोडं पाय मोकळे करतेय."

मागून तो ओळखीचा आवाज येत होता.

"काकू झोपल्यात. मग तू कधी झोपणार?"

"माझा नंबर नंतर," ती म्हणाली. "तू झोप आता."

कशी झोपू?