डावा हात पाठीमागं

मूर्तिजापूरच्या पुंजाजींबद्दल लिहायचं तर आधी माझी फजिती सांगावी लागेल. माझा स्वभाव तापट. अमरावतीच्या कोर्टात बत्तीस वर्षं वकिली केली, त्यातली निम्मी समोरच्या वकिलावर ओरडण्यात गेली आणि उरलेली घरच्यांवर. इलेक्ट्रिक गाडी दारात आली तेव्हा रागिणी, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "बरं झालं. या घरात आवाज न करणारं एक तरी कोणी आलं."

घरात तिसरं माणूस म्हणजे आई. गोदावरी, वय एक्क्याऐंशी. गेल्या दोन वर्षांत तिच्याकडचं एकेक काम मी काढून घेतलं होतं. दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तिच्या लक्षात आलं नाही, म्हणून स्वयंपाकघर बंद. अंगणात पाय घसरला, म्हणून सडा-रांगोळी बंद. काळजीपोटी करतोय, असं मी स्वतःला सांगत असे. तिच्या हाती उरली होती फक्त पूजा. ती तरी आपल्याकडे राहावी म्हणून आई जिवाचा आटापिटा करायची. गेल्या दसऱ्याला गाडीची पूजाही तिनंच केली, मी बाहेर गेलो होतो तेव्हा.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन अकोल्याला मावशीकडे सोनं द्यायला निघालो. आदल्या संध्याकाळी घरचं चार्जिंग दोनदा आपोआप बंद पडलं होतं. मी विजेला शिव्या घातल्या आणि विषय सोडून दिला. बॅटरी निम्मीसुद्धा नव्हती, म्हणून मूर्तिजापूरजवळ रस्त्यालगतच्या चार्जरवर गाडी लावली. मिनिटभर चार्जिंग चाललं आणि थांबलं. समोरच्या पडद्यावर लाल दिवा लागला: विद्युत यंत्रणेत बिघाड, गाडी चालवू नका. चार्जर काढला, बटण दाबून पाहिलं. गाडी ढिम्म हलेना. मदतीच्या नंबरवरची बाई अतिशय गोड आवाजात म्हणाली की गाडी उचलायला उद्या संध्याकाळी माणूस येईल.

मी फोनवर तोंडसुख घेत असताना शेजारचा चहावाला म्हणाला, "पुंजाजीले बलावू काय? थो समोरच असते."

समोर पत्र्याची शेड होती आणि पाटी होती, 'पाण्याच्या मोटारी भरून मिळतील'. म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीतली तार काढून नवी गुंडाळून देणारा माणूस! माझ्या गाडीला हा हात लावणार? मी नाही म्हणेपर्यंत तो आलाही. साठीचा, किडकिडीत, पायजमा-सदरा, खिशाला टेस्टर. येताना त्यानं एका हातात खुर्ची आणली होती. ती आधी सावलीत ठेवून आईला बसवलं, आणि मग डावा हात पाठीमागं घेऊन गाडीभोवती फेरी मारायला लागला, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा.

"गाडीला हात लावू नका," मी म्हणालो.

"लावतच नाई जी. म्हणून तं मागं ठेवला," पुंजाजी म्हणाले. "करंटच्या कामाले एकच हात. दोन्ही लावले का करंट छातीतून जाते. उस्तादानं शिकवलं, ते पस्तीस वर्षांत सुटलं नाई. आता जेवतानी बी डावा हात मागंच जाते. गाडीचं पुस्तक कुठी हाय?"

पुस्तक समोरच्या कप्प्यात होतं, प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. न वाचता सही केली म्हणून मी अशिलांची सालटी काढतो, तेव्हा माझ्या तोंडाची काय अवस्था झाली असेल ते सांगत नाही.

"मी सातवी शिकलो. इंग्रजी तुमी वाचा, मी आयकतो," ते म्हणाले.

मग रस्त्याच्या कडेला उभा राहून मी वाचत होतो आणि हा माणूस न्यायाधीशासारखा "ते परत वाचा" म्हणत होता. नारिंगी तारांना कोणीही हात लावू नये, या वाक्याला त्यांनी मान डोलावली. "बराबर लिवलं. ते आपलं काम नाई." पुढं चार्जिंगच्या तोंडात ओल असल्यास काय करावं, ते पान आलं आणि त्यांनी बोट वर केलं.

"गाडी धुतली काय?"

"तीन दिवसांपूर्वी. पण झाकण बंद होतं."

"घरी चार्जिंग बंद पडलं होतं?"

"दोनदा."

"मंग हे पयले काहून नाई सांगितलं, वकीलसाहेब? खोकला लपवून डॉक्टरकडं जाता काय?"

बत्तीस वर्षांत माझी अशी उलटतपासणी कोणी घेतली नव्हती. पण त्यांचं लक्ष आता माझ्याकडे नव्हतंच. आई खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली होती. साक्षीदाराचा चेहरा वाचण्यावर माझं पोट चालतं, तरी मला ते दिसलं नाही, त्यांना दिसलं. ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"माय, गाडीची पूजा कोणी केली?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. "मी."

"कशी केली?"

"चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. आणि..." तिचा आवाज खाली गेला. "ती जेवते तिथूनच ना? नैवेद्य तोंडालाच दाखवतात. म्हणून झाकण उघडून आत हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, नारळाचं पाणी शिंपडलं."

मी भर रस्त्यावर ओरडलो. "आई, तुला कोणी सांगितलं होतं? आता पूजाही बंद! यापुढं कशालाही हात लावायचा नाही!"

आई रडली नाही. मांडीवरचा आपट्याच्या पानांचा पुडा नुसती सरळ करत राहिली. मला आज ते आठवलं की माझीच लाज वाटते.

"आवाज खाली, साहेब," पुंजाजी शांतपणे म्हणाले. "मोटर अन् माणूस, गरम झालं का काम करत नाई."

त्यांनी गाडी पूर्ण बंद करायला लावली. पुस्तकातलं ते पान माझ्याकडून तिसऱ्यांदा वाचून घेतलं. मग झाकण उघडून टॉर्चचा उजेड टाकला. आत कुंकवाचा चिखल झाला होता आणि एक अक्षत कोपऱ्यात चिकटून बसली होती. एकाच हातानं, कोऱ्या कोरड्या ब्रशनं त्यांनी ते हळूहळू बाहेर काढलं. भरलेल्या मोटारी वाळवायचा पंखा शेडमधून वायर ओढून आणला आणि गार हवा सोडली. पाऊण तास. तेवढ्यात मी तीनदा घड्याळ पाहिलं. त्यांनी एकदाही नाही.

त्या पाऊण तासात ते आईशी बोलत होते, पण ऐकवत होते मला. "माय, म्या बी नवा होतो तवा दसऱ्याले चालू स्टार्टरवर नारयाचं पाणी टाकलं होतं. असा दणका बसला का भितीवर जाऊन आदळलो. उस्तादानं एक थापड देल्ली. पण पूजा बंद नाई केली. कुठी लावायचं, कुठी नाई लावायचं, हे शिकवलं. या इकडं."

त्यांनी आईला उठवलं, गाडीजवळ नेलं. "हे झाकण बंद. दोनदा दाबून पाहा. कुंकू वरतून लावा, नारय चाकापाशी फोडा. अन् डावा हात मागं." आईनं डावा हात मागं घेतला, अगदी शाळकरी मुलीसारखा.

गाडी चालू केली. लाल दिवा गेला होता. चार्जर लावला, तोही चालला. मी उड्या मारायच्या बेतात होतो, पण पुंजाजी म्हणाले, "दिवा गेला म्हणजे बिमारी गेली असं नाई. अकोल्याले पयले कंपनीवाल्याले दाखवा. म्या वरचं पाहिलं. आतलं माहं काम नाई." माझ्या धंद्यात हे शेवटचं वाक्य मी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, माझ्या तर नाहीच. अकोल्यात तपासणी झाली, आत काही बिघाड नव्हता.

निघताना आईनं पुड्यातलं सोनं काढून त्यांच्यापुढं धरलं. तेव्हा त्यांचा डावा हात पहिल्यांदा पाठीमागून पुढं आला. दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांनी ते घेतलं आणि आईच्या पायाशी वाकले.

यंदाच्या दसऱ्याला पूजेचं ताट मीच अंगणात नेलं. आईनं झाकण दोनदा दाबून पाहिलं. डावा हात मागं घेऊन वरून कुंकू लावलं. नारळ उचलला आणि थांबली. मूर्तिजापूरला पाहिलं होतं तसंच तिनं आधी माझ्याकडे पाहिलं.

"फोड ना, आई," मी म्हणालो. "तुझंच काम आहे."

नारळ फुटला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि इतक्या वर्षांनी तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला. मी गॅसजवळ उभा राहिलो, तोंड मिटून.