लाल शाईतला सहावा प्रश्न

छापखान्यात तिला सगळे मात्राबाई म्हणत. तेवीस वर्षं एकाच खुर्चीत बसून ती मुद्रितं तपासत होती आणि चुकलेली वेलांटी तिला दुरूनच खुपायची. तिथला एक नियम तिनेच घालून दिलेला होता. लाल शाई म्हणजे हुकूम, ऑपरेटरने डोळे मिटून तसं टाइप करायचं. पेन्सिल म्हणजे शंका, लेखकाने हवी तर बघावी, नको तर खोडावी.

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर कॉलेजचं एक पुस्तक आलं. नऊ देशांतल्या नऊ कथा, एका प्राध्यापकांनी निवडलेल्या, आणि विषय एकच: मूल नसलेलं लग्न. पहिल्या कथेत बायको विहिरीत गेली. दुसरीतली बर्फात चालत गेली ती परतलीच नाही. तिसरीत सवत आली आणि हिला वेड लागलं. चौथीतलीने शेजारणीचं मूल पळवलं आणि ती तुरुंगात गेली. देश बदलत होते, हवा बदलत होती, भोगायची मात्र बाईच. नवरा शेवटच्या पानापर्यंत धडधाकट. एवढे मोठमोठे लेखक, पण त्या बाबाला डॉक्टरकडे न्यावं असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मात्राबाईचं डोकं तापलं, आणि त्याला कारण होतं. तिच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, एकोणीस वर्षांपूर्वीचा एक रिपोर्ट होता. दोष नवऱ्यात होता. "आईला कळलं तर ती खचेल. एवढं माझ्यासाठी कर," तो म्हणाला होता, आणि हिने केलं. तेव्हापासून टोमणे हिच्या वाट्याला आणि सहानुभूती त्याच्या.

तिने पेन्सिल उचलली आणि नऊही कथांच्या समासात एकच शंका लिहिली: नवऱ्याची तपासणी झाली होती का?

प्राध्यापक पानं बघून हसले. "बाई, ही शोकांतिका आहे, दवाखान्याचा केसपेपर नव्हे."

मालक हसले नाहीत. "तुम्ही काना-मात्रा बघा. उद्या दुपारपर्यंत हे सगळं खोडून द्या, नाहीतर दुसरी नोकरी बघा."

ती पानं पिशवीत घालून घरी आली. त्याच दिवशी सकाळी तिची धाकटी जाऊ बाळंत झाली होती. मात्राबाईने महिनाभर बसून सहा झबली शिवली होती. ती दुसऱ्या पिशवीत घालून ती दवाखान्यात जायला निघाली, तर सासूबाईंनी दारातच ती झबल्यांची पिशवी तिच्या हातातून काढून घेतली.

"तू आज नको येऊस. चार दिवस जाऊ देत. तान्हं बाळ आहे, उगाच कुणाच्या मनात काही यायला नको."

नवरा बुटाची नाडी बांधत होता. नाडी बांधून झाली तरी त्याची मान वर येईना.

"तू सांगतोस की मी सांगू?" तिने विचारलं.

"आत्ता नको," तो बुटाकडे बघतच म्हणाला.

मग तिनेच सांगितलं. "आई, दोष माझ्यात नाही, ह्याच्यात आहे. रिपोर्ट कपाटात आहे. तुम्ही खचाल म्हणून मी गप्प होते."

सासूबाई खचल्या नाहीत. पिशवीचे बंद नीट करत त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला. चौदाव्या वर्षी गालगुंड झालं होतं त्याला, चांगलंच बाधलं होतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, पुढे मूल होणं कठीण आहे. पण ते सांगत बसले असते तर मुलगी कुणी दिली असती? बाईमाणूस सोसतं गं. पुरुषाचं हसं होतं."

आता मात्र नवऱ्याने मान वर केली. "आई, तुला आधीपासून माहीत होतं?"

त्याला खरंच माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. तिला त्याची कीव आली नाही. येईल कधीतरी, पण आज नाही. जिच्या काळजाला जपायचं म्हणून एकोणीस वर्षं तोंड शिवून घेतलं, तिनेच सगळं जाणूनबुजून हिला या घरात आणलं होतं आणि वर हिचीच सावली नको म्हणत होती. चोर तो चोर, वर शिरजोर.

तिने झबल्यांची पिशवी परत आपल्या हातात घेतली. "मी येतेय. आणि तिथे कुणी काही विचारलं तर आजपासून उत्तर मी देणार."

कुणी तिला अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्यात तिने नऊही समास खोडून स्वच्छ केले. मेलेल्या लेखकांना शंका विचारून काय मिळणार? मग तिने शेवटचं पान पुढे ओढलं. स्वाध्याय. प्राध्यापकांचे पाच प्रश्न. पाचवा होता, 'नऊ कथांतील निपुत्रिक नायिकांच्या दुर्दैवाची तुलना करा.'

तिने पेन्सिल बाजूला ठेवली, लाल पेन उघडलं आणि खाली लिहिलं:

'६. यांपैकी किती नवऱ्यांची तपासणी झाली होती? खरं कुणाला माहीत होतं, आणि ते गप्प का बसले?'

कोपऱ्यात तिने 'छापा' असं लिहिलं आणि रोजच्या आद्याक्षरांऐवजी पूर्ण सही केली. मालक दुपारी येणार होते. ऑपरेटरने लाल शाई बघितली आणि काही न विचारता टाइप करायला घेतलं.