देव्हाऱ्यातला बिल्ला

बिल्ल्यांचं वेड मला युद्धाच्या वर्षांत लागलं. धुळ्यात मी मास्तर, समुद्र फक्त नकाशावर पाहिलेला. तरी आरमारातल्या लोकांच्या कुटुंबांसाठी जी कल्याण मंडळं असत, त्यांचे मिनाकाम केलेले सभासदांचे बिल्ले दिसले की माझा जीव वरखाली होई. घरोघर हिंडून पाच मिळवले होते. जहाजाच्या निळ्या नांगराचा तेवढा हुकत होता. बायको म्हणे, "मला बघायला येताना तुम्ही एवढे चालला नव्हतात."

तो शिरपूरजवळच्या एका खेड्यात आहे, असं कळल्यावर मी रविवारीच निघालो. घरातल्या अक्का कपाशी वेचून नुकत्याच आल्या होत्या. बिल्ल्याचं नाव काढताच त्यांनी मला देव्हाऱ्यासमोर नेलं. खंडोबा-भवानीच्या चांदीच्या टाकांच्या रांगेत माझा निळा नांगर बसलेला, हळदीकुंकवानं माखलेला, डोक्यावर फूल. आनंदानं मला उड्या माराव्याशा वाटल्या.

"मना आंडोर बोटवर शे, भाऊ. हाऊच देव त्याले सांभाळस," अक्का म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पन वरीसभर कागद नही उना."

वर्षभर मुलाचं पत्र नाही म्हटल्यावर बिल्ला मागायची सोय उरली नाही. नुसती मागची बाजू पाहू द्या, म्हणालो. तेही नको. मुलानं जाताना हातात ठेवलेला हा टाक जागचा हलला तर तिकडे त्याची बोट हलेल, ही त्यांची भीती. मी हटून बसलो. शेवटी पळीभर दूध घालून त्यांनीच तो ताम्हनात उतरवला. मागचा हळदीचा थर मी नखानं खरवडला, तर खाली सभासदाचा क्रमांक आणि मंडळाचा मुंबईचा पत्ता. मी उडालोच. मुलाची खबर जिथे विचारायची तो पत्ता वर्षभर या माउलीच्या देव्हाऱ्यात पूजा घेत बसला होता.

तिथेच बसून पत्र लिहिलं. पुढचे दिवस शाळेत माझं लक्ष फळ्यापेक्षा पोस्टमनकडे जास्त. बिल्ला मी साफ विसरलो होतो, हे बायकोलाही खरं वाटेना. उत्तर आलं: मुलगा जखमी होऊन इस्पितळात होता, आता बरा आहे, रजेवर घरी येतोय. मिळेल त्या मोटारीनं शिरपूर गाठलं.

पत्र मी तीनदा वाचून दाखवलं. अक्का आत गेल्या आणि बिल्ला घेऊन आल्या.

"ले भाऊ, हाऊ आते तुना. मना आंडोर घर ई ऱ्हायना."

माझ्या सहा बिल्ल्यांत तेवढा एक मी अजून घासलेला नाही.