उदयदादा आणि वादळानंतरचे चार सर्व्हर

आमच्या उदयदादाचं काम होतं चालू सर्व्हर बंद करणं.

त्यात त्याच्या तोडीचा माणूस मी अजून पाहिला नाही.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. हार्ट अटॅक. वय एक्कावन्न.

दादा आरोंद्याचा, मी खारेपाटणची. एका मोबाइल कंपनीच्या कुडाळजवळच्या डेटा सेंटरमध्ये तो माझा सीनियर होता. मीटिंगमध्ये सर, बाकी वेळी दादा.

काम काय, ते थोडक्यात सांगते.

पूर्वी नेटवर्कमधल्या प्रत्येक कामाला वेगळी पेटी लागायची. कॉल जोडायला एक, इंटरनेटवरून येणारा डेटा तपासून आत सोडायला दुसरी. आता ती कामं सॉफ्टवेअर करतं, साध्या सर्व्हरवर. त्यामुळे एका सर्व्हरवरचं काम चालू कॉल न तोडता दुसऱ्यावर नेता येतं. याला मायग्रेशन म्हणतात.

आणि जवळजवळ रिकामा सर्व्हरसुद्धा भरपूर वीज खातो. म्हणून कामं थोड्या सर्व्हरवर गोळा करायची, बाकीचे बंद करायचे.

पण हलवण्यालाही वीज लागते. तेवढा वेळ तेच काम दोन्हीकडे चालू असतं ना.

"हलवचा तर एकदाच हलय," दादा म्हणायचा. "सारख्या हंयथंय करशीत, तर वाचवलला सगळा तेच्यातच जातला."

मला नोकरीला लागून चार महिने झाले होते, तेव्हा ते वादळ आलं.

सकाळी जिल्हाभर लाइट नव्हती. रस्त्यावर झाडं आडवी. आमचा जनरेटर चालू होता, पण डिझेल संध्याकाळपर्यंतच पुरणार होतं. टँकर दुसऱ्या दिवशी सकाळी.

मुंबईहून साहेबांचा फोन आला. "सगळं पुण्याला मायग्रेट करा आणि साइट बंद करा."

"नको साहेब," दादा म्हणाला. "पुण्याकडे जाणारी एकच केबल उरलीय, तीही पडक्या पोलवर लोंबकळतेय. ती तुटली तर अख्खी किनारपट्टी मुकी होईल. कॉलची कामं इथेच ठेवतो. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात तरी फोन लागतील. ॲम्ब्युलन्सला लागतील."

"आणि डिझेल?"

"बारातले आठ सर्व्हर बंद करतो. व्हिडिओची जड कामं पुण्याला जाऊ देत, बाकी सगळं चारांवर बसतं. सर्व्हर कमी झाले की निम्मे एसीपण बंद. उद्या सकाळपर्यंत पुरेल."

"नाही पुरलं तर?"

"जबाबदारी माझी."

साहेब म्हणाले, "करा."

दादाने कागदावर क्रम लिहिला. कुठलं काम कुठल्या सर्व्हरवर, आधी कुठलं, नंतर कुठलं. मी की-बोर्डवर.

पहिली तीन कामं नीट गेली. मग मला वाटलं, डिझेल जळतंय, वेळ वाचवू.

दोन कामं मी एकदम हलवायला घेतली.

सर्व्हरचे पंखे किंचाळायला लागले. जनरेटरवरचा लोड चढला. स्क्रीनवर कॉल तुटायला लागले. एक, दोन, मग पटापट.

मी की-बोर्डवरून हात उचलले.

"दादा, मी दोन..."

"बघतलंय. एक थांबय. दुसऱ्याक हात लावू नको, ता पुरा होवंदे."

मी एक थांबवलं. मिनिटभर आम्ही दोघं नुसते स्क्रीनकडे बघत बसलो. कॉल तुटायचे थांबले.

"आता पुढचा घे," तो म्हणाला. बस, एवढंच.

दुपारी त्याचा मोबाइल वाजला. आरोंद्याहून त्याची आई. सकाळपासून तिचा पत्ता नव्हता, आणि हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत त्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"कौलां उडाली रे," फोनमधून मोठ्याने आवाज आला, "पण मी बरी आसंय!"

"आये, आता ठेव. लोकांका लाइन मोकळी होई. मगे करतंय फोन."

फोन खिशात टाकून त्याने चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

चार वाजता आठवा सर्व्हर बंद झाला. दुसऱ्या दिवशी टँकर गेटमधून आत आला तेव्हा आमचा जनरेटर चालू होता. पुण्याची केबल मात्र आदल्या संध्याकाळीच तुटली होती. जिल्ह्यातले फोन तरीही लागत होते.

दादाचं गणित बरोबर होतं.

आठवड्याने त्याचा रिपोर्ट वाचला. त्यात होतं: 'दोन मायग्रेशन एकाच वेळी झाली. माझ्या सूचना पुरेशा स्पष्ट नव्हत्या.'

मी कागद घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. "दादा, हे खोटं आहे. तू क्रम लिहून दिला होतास. चूक माझी."

"नवीन आसंस गो. मुंबयवाले तुझ्या नावार फुली मारतीत."

"मारूदेत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"मगे तूच लिही. आणि खाली सही तुझी."

मी लिहिलं. काय चुकलं आणि यापुढे काय करायचं तेही. नोकरी गेली नाही. जनरेटरवर असताना एका वेळी एकच मायग्रेशन, हा नियम आज कंपनीच्या सगळ्या साइट्सवर आहे. तो माझ्या चुकीतून आला, हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला स्वतः सांगते.

कमी ट्रॅफिकच्या वेळी कामं गोळा करून सर्व्हर बंद ठेवणं आता रोजचं झालंय. दादाची पद्धत म्हणून कुठे लिहिलेलं नाही. म्हणून इथे लिहून ठेवतेय. ती त्याची आहे.

दादा, तू शिकवलंस ते पक्कं बसलंय. तुझी आठवण मात्र रोज येते रे.

जंय आसशीत थंय बरो रव.