मीठवाले सर

सर आयसीयूत शिरले की आधी पेशंटचं पांघरूण गुडघ्याच्या वर सारायचे आणि तळहाताच्या कडेने गुडघ्याखाली टक्क मारायचे. पाय उडाला की मगच पेशंटच्या तोंडाकडे बघायचे. नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात ते भूलतज्ज्ञ होते. नव्वदच्या दशकात मी त्यांच्या हाताखाली शिकाऊ डॉक्टर. मॅग्नेशियमचं, म्हणजे एका क्षाराचंच, सलाईन लावायचे म्हणून सगळे त्यांना मीठवाले म्हणत. ते जास्त झालं तर आधी गुडघा उडायचा थांबतो, मग श्वास. म्हणून ती टक्क.

"आले मीठवाले. चवीपुरतं घाला हो सर," सिस्टर म्हणायच्या.

"चवीपुरतंच घालतो. जास्त झालं की पान वाया."

मॅग्नेशियमने स्नायू सैल पडतात, श्वास मंदावणारं मॉर्फिन कमी लागतं, पेशंट व्हेंटिलेटरवरून लवकर सुटतो, असं त्यांचं म्हणणं. व्हेंटिलेटर आमच्याकडे एकच. "झोपवेल कोणीही," ते म्हणायचे, "माणूस परत आणता आला पाहिजे." मला ते खूळ वाटायचं. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती.

मखमलाबादचा एक झेंडूवाला धनुर्वाताने आला. पायात खिळा गेला होता. सरांनी व्हेंटिलेटर लावला, मॅग्नेशियम सुरू केलं आणि मला म्हणाले, "मॉर्फिन निम्म्यावर आण." आणलं. दुपारी तो ताठला, कपाळ घामाने भिजलं. दाराशी त्याची बायको उभी होती.

"डाक्टर, लय दुखतंय त्यांना. बघवत नाय हो."

मी मॉर्फिन पुन्हा पहिल्याइतकं केलं. तिच्यासाठी केलं, असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं तर सरांच्या मिठावर माझा विश्वासच नव्हता. सर रोज विचारायचे, "निम्मंच आहे ना?" रोज मी हो म्हणायचो.

त्या 'हो'वर विसंबून त्यांनी एका सकाळी व्हेंटिलेटरची नळी काढली. संध्याकाळी झेंडूवाल्याचा श्वास मंदावत गेला. पुन्हा नळी घालेपर्यंत हृदय थांबलं होतं.

सरांनी त्याच्या बायकोपुढे हात जोडले. "बाई, माझ्या औषधाने घात केला." मग माझ्याकडे वळून हळू म्हणाले, "गुडघा तर उडत होता रे. चुकलो कुठे?"

मी ट्रॉलीवरच्या सुया आवरत राहिलो.

त्यानंतर सरांनी मॅग्नेशियम कुणालाच दिलं नाही. पेशंट पुन्हा गाढ झोपेत, नळीवर दिवसच्या दिवस राहू लागले. काही न्यूमोनियाने तिथेच गेले. त्यातले किती वाचले असते, कोण सांगणार.

पुढे सर वारले तेव्हा मी देवळालीला त्यांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेलो. काकू म्हणाल्या, "तो फुलवाला शेवटपर्यंत त्यांच्या मनात होता. तुमचं नाव मात्र काढायचे. म्हणायचे, त्या पोराने मला एका शब्दाने बोल लावला नाही."

मी मान हलवली आणि चहा घेतला.

काकू आता थकल्यात. हे छापायला देण्याआधी उद्या देवळालीला जाऊन त्यांना वाचून दाखवणार आहे. तिथून मखमलाबादला. झेंडूवाल्याच्या बायकोला पहिलं वाक्य काय म्हणायचं, ते अजून सुचलेलं नाही.