भिंतीवरची आरोळी
नात नखांना रंग लावायला बसली की मला फिल्म चिकटवायच्या सोल्युशनचा वास येतो, आणि त्यामागोमाग भिंगारचं मैदान आठवतं. बाहत्तरच्या दुष्काळात तिथं गवताची काडी नव्हती. बॉल टप्पा खाऊन उसळला की नुसता फुफाटा उडायचा. आम्हा तिघा मित्रांना फुटबॉलच्या एका वेड्या माणसावर छोटी, कवितेसारखी फिल्म करायची होती. हा माणूस म्हणजे एसटी डेपोतले एक फिटर. मॅच कुणाचीही असो, हे सायकलला टेकून उभे राहायचे आणि “पळ की रं, पळ!” असं ओरडायचे की मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. आमचा कॅमेरा भाड्याचा आणि मुका होता. चित्रण झालं, आवाज नंतर टेप करू म्हणालो, आणि तेवढ्यात ते झोपेतच गेले. महिन्याभरानं त्यांच्याच घरात, चुना दिलेल्या भिंतीवर आम्ही ती फिल्म लावली. भिंतीवर ते जीव तोडून ओरडत होते आणि खोलीत फक्त प्रोजेक्टरची खरखर होती. त्यांची बायको मैदानावर कधी गेलीच नव्हती. “एवढं वरडायचे व्हय?” ती म्हणाली. “घरात तर दिसदिस बोलायचे न्हाईत.” ती उठून भिंतीजवळ गेली, तशी तिची सावली त्यांच्या छातीवर पडली. “काय म्हणताय?” तिनं त्यांनाच विचारलं. “जरा मोठ्यानं बोला की.” नात आत्ता विचारतेय, वास डोळ्यांना झोंबतोय का, आजोबा? मी हो म्हणतो.