माझ्या लेखाशेजारचा लेख

लग्नानंतर मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात नोकरी धरली, ती सासूबाईंच्या जोरावर. आमचं जैन शेतकऱ्यांचं घर. सून वर्तमानपत्रात जाणार म्हटल्यावर भावकीत कुजबुज सुरू झाली. सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जाऊ दे की तिला. धरम सोडून चाललीया व्हय?"

मी खरंच काही सोडलं नाही. दिवस मावळल्यावर जेवायचं नाही, हा घरचा नेम ऑफिसातही पाळला. संध्याकाळी तिथं बातम्यांची झुंबड असायची. संपादक देवधर्म न मानणारे, पण ऊन उतरलं की केबिनमधून ओरडायचे, "बाई, बातमी राहू दे, आधी डबा उघडा!"

पुढे त्यांनी मला साप्ताहिक सदर दिलं. सुरुवातीलाच मी लिहिलं की आईवडिलांना वृद्धाश्रमात ठेवणं मला पटत नाही, म्हातारपण आपल्या माणसांतच जावं. संपादकांनी त्याच पानावर, माझ्या लेखाशेजारी, उत्तर छापलं. म्हाताऱ्यांचं करतं कोण, हे बाईंनी लिहिलेलं नाही; करते ती सून, आणि तिला कुणी विचारत नाही, असा त्यांचा मुद्दा.

माझा संताप झाला. घरी येऊन सासूबाईंना दोन्ही लेख वाचून दाखवले. त्या हसायला लागल्या. "त्यांचं बी खरं हाय की. पर मी न्हाय बाई कुठं जाणार!"

त्यांच्या हसण्यानं माझा राग ओसरला. पुढच्या आठवड्यात मी लिहिलं, घर टिकवायचं असेल तर आईचं अंथरूण मुलानंही घातलं पाहिजे. नवऱ्यानं लेख वाचला. जेवण झाल्यावर तेलाची वाटी घेऊन आईच्या गुडघ्यांपाशी जाऊन बसला.

माझं लिहिणं सगळ्यांना रुचत नव्हतं. काही वाचक ऑफिसात आले, "या मागासलेल्या बाईंचं सदर बंद करा" म्हणाले. संपादकांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "बाई मला पटत नाहीत, म्हणून तर मी शेजारी लिहितो. बंद केलं तर भांडू कुणाशी?"

निवृत्त होताना त्यांनी मालकांकडे, आमचे लेख यायचे ते पान सांभाळायला, माझंच नाव सुचवलं. मला ते दुसऱ्याकडून कळलं. विचारायला गेले तर म्हणाले, "तुमचं म्हणणं चुकतं, पण तुम्ही खोटं लिहीत नाही."

आता सासूबाई नाहीत. शेवटपर्यंत त्या घरात, आमच्यातच होत्या. पान मी सांभाळते. सदर छापून आलं की सकाळीच संपादकांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "बाई, हे काय लिहिलंय?" मी गॅस बारीक करते, खुर्ची ओढते आणि म्हणते, "बोला."